एक लाख तीन

आमच्या समोरचे नाना तुमचं नाव विचारायच्या आधी तुमच्या गाडीचा नंबर विचारतात. नंबर सांगितला की डोळे मिटतात, ओठ हलतात आणि मग "फुटना!" म्हणत मांडीवर थाप पडते. म्हणजे आकड्याला कशानं तरी भाग गेला. तुम्ही पास.

धुळ्यातल्या एका जिनिंगमध्ये नानांनी तीस वर्षं कापसाच्या गाठींवर नंबर रंगवले. रंग वाळेपर्यंत करायचं काय, तर समोरचा आकडा फोडायचा. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. लाडका आकडा सात लाख वीस हजार सातशे वीस. एकपासून सोळापर्यंत कशानंही भागा, बाकी शून्य. "इतला मानसं जेवाले बसाडा. सात पंगती करा नहीते सोळा, बठ्ठा सारखा बसतीन. कोनी उभा ऱ्हात नही!"

नानांच्या पत्नी, अक्का, गेल्या वर्षी वारल्या. यंदा वीजवाल्यांनी मीटर बदललं. नवा नंबर १००००३. नाना कागद घेऊन माझ्या दारात. "भाऊ, हाऊ फुटत नही. सातनी भाग दिधा तं एकच उरस." चेहरा एवढासा झालेला. एकट्याच्या घरावर असला एकटा आकडा त्यांना सहन होत नव्हता.

मी गुपचूप मोबाइलवर पाहिलं. मूळ संख्या. पण सांगायला जीभ रेटेना. "आपण मिळून बघू," म्हणालो आणि फसलो.

ऑफिसातून आलो की नानांच्या ओट्यावर बसायचं. रोज पाच भागाकार, दोन कप चहा. कॅल्क्युलेटरला बंदी. तीनशे सोळापर्यंतच्या मूळ संख्यांनी तेवढं भागून बघितलं की पुरे, असं नानाच म्हणाले. पुढं तीच जोडपी उलटी येतात, नवऱ्याच्या जागी बायको एवढाच फरक. भागाकार करता करता अक्कांच्या गोष्टी निघायच्या. त्यांच्या कळण्याच्या भाकरीपाशी आम्ही एकदा हातचाच विसरलो.

दोन आठवड्यांनी तीनशे तेरा आला. शेवटचा. उरले एकशे छप्पन्न. मला राहवेना. "नाना, चुकलं माझं. हा फुटत नाही, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

नानांनी चष्मा पुसला. "माले बी. मीटर लागनं त्याच दिन समजी गयं व्हतं."

"मग इतके दिवस?"

"तू रोज येस ना भाऊ, म्हनीसन."

मला वाईट वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली. समोर राहून वर्षभरात मी त्या ओट्यावर कितीदा बसलो होतो?

दुसऱ्या दिवशी आमच्या मीटरचा नंबर घेऊन गेलो. शेवटी आठ. पोरसुद्धा सांगेल, दोननं भाग जातो. नानांनी त्या आठाकडे नीट पाहिलं, चहाचं आधण ठेवलं आणि पेन्सिलीला टोक काढत म्हणाले, "घाई नही शे. तीनपाईन सुरू करूत."