पोटमाळ्यावरील सजीवांस नोटीस

घराचा मालक कोण, हा प्रश्न जमिनीवरून पाहिला तर अगदी सोपा असतो. पोटमाळ्यावरून पाहिला की त्यात बरीच गुंतागुंत निर्माण होते.

जावकबाबूंना हे निवृत्तीनंतर कळलं. एकतीस वर्षं त्यांनी ऑफिसातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाला क्रमांक दिला होता, म्हणून हे नाव. आता घरातून बाहेर पाठवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. अशा रिकाम्या मंगळवारी, सकाळचा चहा चालू असताना, डोक्यावर खुडबुड झाली.

"अहो, वर उंदीर झालेत," काकू म्हणाल्या. (काकू म्हणजे त्यांची पत्नी. शेजारी सगळे त्यांना काकूच म्हणत.)

"उंदीर आहेत हे सिद्ध झालेलं नाही. सध्या फक्त आवाज आहे."

"पुढच्या रविवारी मुलगी बाळाला घेऊन येतेय. पाळणा याच माळ्याखाली आहे."

"म्हणूनच घाई करून चालणार नाही," असं म्हणून जावकबाबूंनी फाइल उघडली. पहिल्या पाच दिवसांत त्रेसष्ट आवाजांची नोंद झाली: खुडबुड एक्केचाळीस, खरखर एकोणीस, धप्प तीन. (पैकी एक धप्प शेजाऱ्यांच्या दाराचा निघाला. तो तांबड्या शाईने खोडून बाजूला सही केली.) फाइल जाड होत गेली तसं त्यांना अंगात पूर्वीसारखं बळ वाटू लागलं. भूकही चांगली लागू लागली.

सोमवारी काकूंनी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. तो बॅटरी घेऊन माळ्यावर चढला आणि दहा मिनिटांत खाली आला.

"उंदीर आहेत. शिवाय एक खार आहे, तिची चार पिल्लं आहेत. छपराच्या कडेला मुठीएवढं भोक आहे, सगळे तिथूनच येतात. पिंजरे ठेवून जातो. खार पिल्लं घेऊन गेली की भोक बुजवा."

"हे लेखी मिळेल का?" जावकबाबूंनी विचारलं.

त्याला अजून चार घरं करायची होती. जो उपाय लेखी नाही तो अमलात आणता येत नाही, हे उघड आहे. तेव्हा पिंजरे कपाटात कुलूपबंद झाले आणि त्याच दुपारी माळ्याच्या दाराला सात दिवसांची नोटीस लागली. एवढी नेटकी नोटीस त्यांनी नोकरीतही काढली नव्हती.

बुधवारी नोटीस गायब. जावकबाबू बॅटरी घेऊन स्वतः वर गेले. कोपऱ्यात नोटिशीच्या चिंध्यांचं मऊ घरटं झालं होतं आणि त्यात चार गुलाबी पिल्लं, डोळे मिटलेली, एकमेकांवर झोपली होती. खार जावकबाबूंकडे बघत राहिली. त्यांनी बॅटरीवर हात धरून उजेड कमी केला आणि पाय न वाजवता खाली आले.  मग फाइल काढून त्यांनी लिहिलं: 'नोटीस बजावली. संबंधितांनी स्वीकारली.' खाली, बारीक अक्षरात: 'मुदतवाढ द्यावी.'

उंदरांना मात्र मुदतवाढीचं मोल कळलं नाही. गुरुवारी सकाळी पाळण्याची दोरी अर्धी कुरतडलेली सापडली.

काकूंनी दोरी हातात घेऊन पाहिली. कोणताही प्रस्ताव न मांडता कपाटाची किल्ली घेतली. पिंजरे वर गेले. पाठोपाठ रेडिओही गेला, मोठ्या आवाजात. शुक्रवारी दुपारच्या बातम्या दोनदा ऐकल्यावर खारीने स्थलांतराचा निर्णय घेतला आणि एकेक पिल्लू तोंडात धरून समोरच्या झाडावर नेलं. काकू अंगणात उभ्या राहून मोजत होत्या. "चौथं गेलं," त्या म्हणाल्या, तेव्हा जावकबाबूंनी सोडलेला सुस्कारा त्यांनाही ऐकू आला. शनिवारपर्यंत सहा उंदीर पेस्ट कंट्रोलवाल्याच्या स्वाधीन झाले. पिंजरे रिकामे येऊ लागल्यावर काकूंनी बारीक तारेची जाळी आणि सिमेंट आणून भोक बुजवलं. चाळीस मिनिटं लागली. (जावकबाबूंनी शिडी धरली होती, हे नमूद करणं न्यायाचं आहे.)

रविवारी लेक आली. नव्या दोरीच्या पाळण्यात बाळ झोपलं. वर चिडीचूप.

"बाबा, उंदरांचं काय केलंत हो?"

"नोटीस दिली," जावकबाबू म्हणाले.

काकू नखांतलं सिमेंट काढत होत्या. त्यांनी फक्त नळ जरा जोरात सोडला.

बातमी गल्लीभर झाली. महिन्याभरात सतरा घरांनी नोटिशीची प्रत नेली. एका आजोबांनी खारींना चष्मा नसतो म्हणून ठळक अक्षरांत मागितली. सतराही माळ्यांवर ती लागली आणि सतराही ठिकाणी तळमजल्यावरच्या मंडळींत समाधान आहे. वरच्या मंडळींची बैठकव्यवस्थाही पूर्वीपेक्षा मऊ झाल्याचं समजतं. बारीक तारेची जाळी कुठे मिळते, हे विचारायला काकूंकडे मात्र आजतागायत कोणी आलेलं नाही.

यात हसण्यासारखं काही नाही. नोटिशीचा मजकूर या गोष्टीत अजून कसा दिला नाही, असं आपल्यालाही मघापासून वाटतंच आहे. जाळीची चौकशी आपणही केलेली नाही.