गेणूभाऊ आणि भिंतीतले पिंपळ

गेणूभाऊ कुणाच्या घरी गेले की आधी माणसांकडे बघत नाहीत, भिंतीच्या वरच्या कडेकडे बघतात. आमच्या लोणावळ्याच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा मी दारात उभी होते. नमस्कार केला, बसा म्हटलं. त्यांनी माझ्या डोक्यावरून पन्हळाकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, शिडी हाय का?"

तुमचे आजोबा तेव्हा होते. त्यांना वाटलं, वायरमन आला असावा. त्यांनी शिडी दिली. गेणूभाऊ वर चढले, पन्हळाच्या सांध्यातून पिंपळाचं वीतभर रोप मुळासकट ओढून काढलं आणि खाली येऊन म्हणाले, "चिमूटभर हिंग द्या." मी डबी आणून दिली. त्यांनी पुन्हा वर जाऊन सांध्यात हिंग भरला, उतरले, डबी खिशात घातली आणि गेले. चहा तसाच राहिला. माझ्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली ती डबी पुढे कितीतरी वर्षं मी त्यांच्या पिशवीत बघत आले.

तुम्ही मुलं राहता तिकडे जुनी भिंत म्हणजे तिकीट काढून बघायची वस्तू. आमच्या मावळात जुन्या भिंती खूप आणि त्यांच्याकडे बघणारं कुणी नाही. कुठे बारव, कुठे धर्मशाळा, कुठे भाताच्या खाचरांमध्ये एकटं उभं असलेलं देऊळ. इथे पाऊस कोसळतो हे खरं, पण या भिंतींना पावसाआधी पिंपळ मारतो. पक्षी फळ खाऊन भिंतीवर बसतो, बी सांध्यात पडतं, दोन पानं फुटतात. तेव्हा ते रोप दोन बोटांनी निघतं. पण काढत कुणी नाही, कारण पिंपळ तोडला की तोडणाऱ्याचा वंश बुडतो, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मग मूळ दगडांत शिरतं, माणसं खाली हात जोडून उभी राहतात आणि एका पावसाळ्यात भिंत बसते. त्या जागी सिमेंटचं काहीतरी उभं राहतं, त्याला भडक रंग लागतो, आणि त्या सगळ्याला जीर्णोद्धार म्हणतात.

गेणूभाऊ रेल्वेत होते. घाटातल्या कमानींमध्ये, बोगद्यांच्या तोंडाशी उगवलेली झाडं काढायची, हे त्यांचं काम. नोकरी संपली, पण सवय गेली नाही. पाठीवर पिशवी, तीत दोर, छोटी पहार, भोकं पाडायचं गिरमीट, लोणच्याच्या जुन्या बरणीत भिजवलेला चुना आणि हिंग. झाड मोठं असेल तर बुंध्याला भोकं पाडून हिंग भरायचा. महिना-दीड महिन्यात पानं पिवळी पडून गळतात, झाड वाळतं. मग मूळ अलगद काढायचं आणि पोकळीत चुना भरायचा. ते खरंच हिंगाने वाळतं की भोकं पाडल्यामुळे, यावर तुमचे आजोबा त्यांच्याशी वाद घालत. गेणूभाऊंचं उत्तर एकच: "मूळ कुटंय त्ये बगा. बाकीचं ऱ्हाऊ द्या."

हे उत्तर त्यांना कशालाही पुरायचं. माझा गुडघा दुखतो, मूळ कुटंय. दूधवाला पाणी घालतो, मूळ कुटंय. एसटीत त्यांच्या शेजारची जागा हिंगाच्या वासामुळे रिकामी असे. लोकांना आपला मान ठेवावासा वाटतो, असा त्यांचा समज होता आणि तो मी कधी मोडला नाही.

त्यांचं चुकायचंही. एकदा आमच्या ओळखीच्या एका बाईंनी त्यांना आपल्या बंगल्याची जुनी दगडी कमान बघायला बोलावलं. बाई शनिवार-रविवारी येणाऱ्या. त्या चहा सांगायला आत गेल्या. व्हरांड्यात एका पसरट कुंडीत त्यांनी जीव लावून वाढवलेला बुटका पिंपळ होता, त्याच्या मुळांखाली हौसेने पडक्या देवळासारखे छोटे दगड रचलेले. बाई बाहेर आल्या तेव्हा पिंपळ गेणूभाऊंच्या हातात होता आणि दगड नीट मोकळे करून एका बाजूला मांडलेले होते. त्या बाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. गेणूभाऊंचं म्हणणं असं की झाड लय हट्टी होतं, वेळेवर निघालं म्हणून वाचलं. काय वाचलं, ते त्यांनी सांगितलं नाही.

गेणूभाऊंचं घर बौद्ध. त्यांच्या वडिलांनी धम्म घेतला तेव्हा हे तान्हे होते. त्यामुळे त्यांच्यावर दोन्हीकडून शिव्या. विहारातल्या मंडळींनी बोलावून विचारलं की बोधिवृक्षाला हिंग घालताना लाज कशी वाटत नाही. यांनी सांगितलं, "भुईत असंल तर बोधी. भिंतीत असंल तर चोर." देवळांची मंडळी चारचौघांत त्यांना पापी म्हणत आणि रोप वाढायला लागलं की हळूच निरोप धाडत. त्यातल्या एका पुढाऱ्याला त्यांनी माझ्यासमोर विचारलं होतं, "तुमचा वंश बुडंल म्हनून तुमी हात लावत न्हाई. आमचा बुडला तर चालतोय, म्हनून मला बोलावता. व्हय का न्हाई, पाटील?" पाटील हसले. गेणूभाऊही हसले. मला काही हसू आलं नाही.

या वंशाबद्दल आता सांगते. गेणूभाऊंची बायको लवकर गेली. एकच मुलगा, मिलिंद, माझ्या हाताखाली इंग्रजी शिकलेला, आता कारखान्यात सुपरवायझर. त्याची बायको प्रज्ञा. लग्नानंतर तिला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा मूल पोटातच गेलं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. नळावर प्रज्ञा आली की बायका आपोआप गप्प होत. गेणूभाऊ दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन बाहेर पडले. तेव्हा ते मला दगडासारखे वाटले होते.

कुरवंड्याच्या अलीकडे, जुन्या घाटवाटेच्या तोंडाशी, एक छोटी दगडी धर्मशाळा होती. तीन बाजूंना भिंती, पुढे लाकडी खांबांचा ओटा. गेणूभाऊ लहानपणी आईबरोबर डोक्यावर मोळ्या घेऊन त्या वाटेने जात. पाऊस आला तर बाकीचे आत जात. ही मायलेकरं बाहेर वळचणीला. आत यायची त्यांना सोय नव्हती. मी एकदा विचारलं की मग तिच्यावर इतका जीव का. ते म्हणाले, "आत घेतलं न्हाई त्ये मान्सांनी. वळचन भिंतीनं दिली."

त्या धर्मशाळेच्या मागच्या भिंतीत मनगटाएवढा पिंपळ वाढला होता. वस्तीवरच्या लोकांना ती जागा सभागृहासाठी हवी होती. पाडायला गेलं तर कुणीतरी तक्रार करील, आपोआप पडली तर बरं, असा सगळ्यांचा शहाणा विचार. एका हिवाळ्यात गेणूभाऊंनी हिशेब मांडला: चैत्रात हिंग, वैशाख-ज्येष्ठात मूळ बाहेर, पावसाच्या आत चुना. तो उन्हाळा चुकला तर भिंत पावसाळा काढणार नाही, हे त्यांनी भेटेल त्याला सांगितलं.

आणि त्याच हिवाळ्यात प्रज्ञाला तिसऱ्यांदा दिवस राहिले.

मिलिंद बापाशी घरात बोलू शकला नसावा. चैत्र लागता-लागता तो आमच्या व्हरांड्यात आला, गेणूभाऊ इथेच बसलेले असताना, माझा आधार वाटला म्हणून. बराच वेळ चप्पल काढू की नको, असा उभा राहिला.

"आबा, मी आजवर तुम्हाला काय मागितलं नाही," तो म्हणाला. "तेवढा धर्मशाळेचा पिंपळ राहू द्या. एवढं बाळंतपण होऊ दे. मग सगळे पिंपळ काढा."

"तू बी?" गेणूभाऊ म्हणाले. "शिकला-सवरलास तू."

"मी मानत नाही. पण प्रज्ञा रात्र-रात्र जागी असते. तिसरं आहे, आबा."

गेणूभाऊ हसले, रस्त्यावरचे लोक वळून बघतील इतके मोठ्याने. पिंपळाला काय ठाऊक कुणाच्या घरात काय चाललंय, म्हणाले. उद्याच भोकं पाडतो, म्हणाले. मिलिंद चहा न घेता गेला आणि तोवर हे बोलणं फाटकापाशी उभ्या असलेल्या दोघा-तिघांनी ऐकलं होतं, म्हणजे संध्याकाळपर्यंत ते सगळीकडे गेलं.

दुसऱ्या दिवसापासून गेणूभाऊ रोज पिशवी घेऊन सगळ्यांच्या देखत धर्मशाळेकडे जात आणि उन्हं चढली की परत येत. चैत्र गेला, वैशाख गेला. मी विचारलं की मूळ कुठवर आलं, तर "चाललंय" म्हणत.

आषाढात, सतत आठवडाभर कोसळल्यानंतर, एका सकाळी मागची भिंत पडलेली दिसली. तिने छप्पर आणि पुढचे खांबही आपल्याबरोबर नेले. वस्तीवर निकाल लगेच लागला: गेण्याच्या हिंगाने मूळ कुजलं, धरलेली भिंत सुटली. पिंपळ होता म्हणून तर ती उभी होती. ज्यांना ती पडायला हवी होती, तेच जास्त हळहळत होते. प्रज्ञाच्या कानावर हे गेलं त्या दिवशी तिला चक्कर आली. मिलिंदने तिला कान्ह्याला माहेरी पोचवलं आणि बापाला सांगितलं की आता या बाळाच्या आसपास तुम्ही यायचं नाही. श्रावणात मुलगी झाली. धडधाकट, आवाज मोठा. गेणूभाऊंना ते तिसऱ्या माणसाकडून कळलं.

त्यानंतरच्या एका उघडिपीला मी रिक्षा करून धर्मशाळा बघायला गेले. दगडांच्या ढिगावर पिंपळ आडवा पडला होता आणि त्याची पानं हिरवीगार होती, तुकतुकीत. बुंध्यावर एक भोक नव्हतं. मग परत येऊन गेणूभाऊंना बोलावणं पाठवलं. ते आले आणि पहिल्यांदाच, पन्हळाकडे न बघता, सरळ खुर्चीवर बसले.

"झाड हिरवं आहे, गेणूभाऊ," मी म्हटलं.

चहा आला तो ते प्यायले. मग म्हणाले, "रोज जायचो. हिंगाची पुडी सोडायचो. गिरमीट लावायचो बुंध्याला. आन् त्या पोरीचं तोंड म्होरं यायचं. म्हनायचो, उद्या."

"तुम्ही तर मानत नाही."

"न्हाईच मानत. आपल्या जिवाचं आसतं तर कवाच केलं आसतं." त्यांनी कप खाली ठेवला. "दुसऱ्याच्या लेकराचा डाव कसा लावायचा, बाई?"

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता मिलिंदला फोन करते. तुझ्या लेकरासाठीच आबा थांबले होते, असं त्याला सांगते. नात तुमच्या मांडीवर येईल. त्यांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"न्हाई सांगायचं. आवो, आता कुटं लोकं हात लावाया लागल्यात. वडिवळ्याच्या बाजूला दोन देवळांवरची रोपं गावच्या बायांनी काडली. म्हनत्यात, गेण्यानं एवडी काडली, त्याला काय झालं? आता नात बी झाली." त्यांनी हात सोडला. "गेण्या भ्याला, ह्ये कळलं तर उद्या एक हात वर जायाचा न्हाई. सगळ्या भिंती जात्याल."

"आणि मिलिंदला काय वाटतं ते?"

"वाटू द्या. त्याला लेक मिळाली."

मी वचन दिलं. तुम्हाला सांगते आहे ते तुम्ही सातासमुद्रापलीकडे आहात म्हणून. इथे फोनवर कुणापाशी बोलू नका. तुमच्या आईला सांगितलं तरी चालेल, ती पोटात ठेवते.

धर्मशाळेचे दगड ट्रॅक्टरने गेले. त्या जागी सभागृहाचे खांब उभे राहिलेत. गेणूभाऊ अजून पिशवी घेऊन फिरतात, पण आठवड्यातले दोन-तीन दिवस ते कुठे जातात, हे कुणाला ठाऊक नव्हतं. मला ते अचानक कळलं. डोळे तपासायला तळेगावला निघाले होते. दुपारची लोकल, डबा रिकामा. कान्ह्याला गाडी थांबली तर फलाटावरच्या बाकावर हिंगाची पिशवी मांडीवर घेऊन गेणूभाऊ. मी उतरले. डॉक्टर काय, उद्याही भेटतात.

त्यांना आश्चर्य वाटलं नाही. सरकून जागा दिली. रुळांपलीकडे काही अंतरावर प्रज्ञाच्या माहेरचं घर; ती बाळाला घेऊन अजून तिथेच होती. परसात ताणलेली दोरी, तिच्यावर बाळाचे कपडे. बाकावरून दोरी स्वच्छ दिसत होती.

"आज दुपटी लय हाइत," ते म्हणाले. "पोट बिघडलं जनू."

दात येत असतील, मी म्हटलं. दात येताना होतं तसं.

"व्हय?" त्यांचा चेहरा उजळला. मग पुन्हा दोरीकडे बघत म्हणाले, "त्ये पिवळं झबलं आता घालत न्हाइत. लहान झालं आसंल."

प्रज्ञा कपडे काढायला बाहेर आली. मूल कडेवर आहे का, ते इथून नीट दिसेना. गेणूभाऊ उठून उभे राहिले. तेवढ्यात लोणावळ्याकडे जाणारी गाडी आली आणि मधे थांबली. मी म्हटलं, चला, हीच घेऊ. त्यांनी ऐकलं नाही. गाडी सुटेपर्यंत ते डब्याच्या एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत, वाकून, पलीकडे बघत राहिले.