मुरुड किनारीच्या लोखंडी दांड्याची फत्ते

पुढील हकीकत कोणी खरी मानणार नाही, हे आम्ही आधीच सांगोन ठेवतो. मानील त्याची कीव करणारे लोक या बंधाऱ्यावर रोज सायंकाळी पाय सोडून बसतात, तेही आम्हांस ठाऊक. तथापि जे घडले ते घडले. दर्या साक्षीस आहे आणि दर्या कोणाची चुगली करीत नाही, सबब निर्धास्त होऊन लिहितो.

मुलूख मुरुड. पश्चिमेस दर्या, पूर्वेस माडांच्या वाड्या, मध्ये वाळू. त्या वाळूत सरकारांनी रयतेच्या प्रकृतीस्तव खुली व्यायामशाळा उभारिली, आणि तीत दोन खांबांवर एक लोखंडी दांडा आडवा घातिला, तो इतका उंच की हात वर करोन टाचा उचलिल्या तरी बोटे हवेतच राहावी. बाकीची यंत्रे खाऱ्या वाऱ्याने गंजोन पडली, दांडा मात्र ताठ राहिला. मग दिवाळी सरताच मातुश्री मनुबाई कोळीण, ज्यांची हाक ऐकोन होड्या किनाऱ्याचा अंदाज घेतात, यांनी दांड्याची उंची हेरिली, कुत्र्यामांजराचे तोंड तेथे पोचत नाही ऐसे पाहिले, आणि काठीने वर बोंबील वाळत घालोन ठाणे कायम केले.

याच समयी राजश्री गुणाजीराव, एस.टी.चे माजी कंडक्टर, साठी उलटलेले, पोटाने भारदस्त, मिशीने त्याहून भारदस्त, म्हणजे आम्हीच, बंधाऱ्यावर बसले होते. आपली बखर आपण लिहू नये ऐसा रिवाज आहे खरा, परंतु दुसरा कोणी लिहिण्यास राजी होईना. जवळ पुतणे निकेतराव, उरणेकडे ट्रेलर हाकणारे, यांनी मोबाईल काढोन एक फिरंगी विद्या दाखविली. एक नर दांड्यास लोंबकळतो, मग छाती दांड्यावर येते, मग कोपरे सरळ होतात, आणि तो कमरेपर्यंत दांड्याच्या वर उभा राहतो. नाव मसल-अप. गुणाजीरावांनी मिशीस पीळ दिला आणि फर्माविले की यात काय आहे, हे आम्ही भरल्या गाडीच्या शिडीवर रोज करीत असू.

हे शब्द मनुबाईंच्या कानी गेले, आणि तेथेच घात जाहला. बोंबील हलवीत त्यांनी हुकूम सुनाविला, "कंडक्टर, तिकिटं फाडून अंगठ्यात जोर हाय तुमच्या. बाकी समदं पोटच हाय."

मग तहनामा ठरला. शिमग्यास गुणाजीरावांनी दांड्यावर चढोन दाखवावे. चढल्यास दांडा त्यांस कायमचा बहाल, बोंबिलांचा अंमल उठावा. न चढल्यास पाऊस लागेपर्यंत दांड्याखाली काठी घेऊन बसावे आणि बोंबिलांवरचे कावळे हाकावे. उभी हयात ज्यांनी माणसे गाडीत कोंबिली, त्यांच्या नशिबी कावळे! स्वारीस त्या रात्री जेवण गेले नाही. म्हणजे दुसऱ्यांदा वाढलेले गेले नाही.

मोहीम सुरू जाहली. बोंबील चढण्याआधी पहाटेस स्वारी निघे, सोबत मासळीचा प्लास्टिकचा क्रेट, त्यावर चढोन दांडा धरावा ऐसी तजवीज. पहिले दिवशी गुणाजीराव लोंबले आणि पक्व फळाप्रमाणे खाली आले. मग निकेतरावांनी उरणेहून व्हिडिओ कॉलवर ताकिदी धाडिल्या. आधी नुसते लोंबावे. मग कोपर न वाकविता खांदे कानांपासोन खाली ओढावे. मग क्रेटवरोन वर जाऊन हळू हळू खाली यावे, धबकन येऊ नये. पोट पाठीस लावावे. हात फर्मान मानू लागले, खांदेही कुरकुरत रुजू जाहले, पोटाने मात्र बंड पुकारिले ते अखेरपर्यंत मोडले नाही.

घरीही उसंत नव्हती. स्वारी भिंतीस पाय लावोन हातांवर उभी राही, डोके खाली, मिशी डोळ्यांत. तेव्हा खासे कुटुंब नीराबाई चहा घेऊन आल्या आणि फर्मान सुटले, "वर पाय गेलेच आहेत तर तेवढं कोपऱ्यातलं जळमट काढा." ते काढिले. पाठीवर पडोन खांदे आणि पाय अधांतरी धरण्याचा सराव माजघरात चाले, आणि स्वारीस ओलांडोन घरचे लोक ये-जा करीत.

त्या साली नव्याने बांधिलेल्या याच बंधाऱ्याच्या अंगास उत्तरेचा वारा ऐसा सुटला की रोज वाळूचे लोट यावे, डोळ्यांत जावे, दातांत करकरावे. तरी स्वारी हटली नाही. आणि अभ्यासास काय अशक्य आहे? संक्रांतीस क्रेट घरी राहिला, दांडा उभ्याने हाती येऊ लागला. नित्य लोंबण्याने बाहू लांबले, हे उघड आहे. माघात तर नवल वर्तले. दांडा धरताच दोन्ही पाय आपोआप समोर सरळ राहू लागले, जणू अदृश्य पाटावर बसावे. निकेतरावांनी मोबाईलवर ते पाहिले आणि ट्रेलर बाजूस घेतला. "काका, ही एल-सिट हाय! मना ही जमवायला वरीस गेला!" गुणाजीरावांनी नम्रपणे सांगितले की आमचे पाय खाली राहावयास तयारच होत नाहीत.

तेव्हा शत्रूचा धीर सुटला. शिमग्यास काही दिवस असता मनुबाईंनी न लढता बोंबील उतरविले आणि घरामागील बांबूवर नेले. गुणाजीरावांनी पाठलाग केला नाही. पळत्या फौजेवर वार करणे आमच्या घराण्यात नाही.

मग शिमगा आला. सकल लोक हजर होते ऐसे समजावे. प्रत्यक्षात ते पालखीमागे गेले होते, आणि मनुबाई श्रीवर्धनास लेकीकडे. निकेतराव सुट्टीस आले होते, त्यांनी ओहोटीच्या ओल्या वाळूत बसोन मोबाईल आभाळाकडे रोखिला, जेणेकरोन दांडा, मिशी आणि मेघ एवढेच दिसावे. दांड्यावर एक कोंबडी निवांत बसली होती, तीस हाकलिले. गुणाजीरावांनी दांडा धरिला, श्वास कोंडिला, एकच उसळी घेतली, आणि छाती वर, मग कोपरे सरळ, मग साक्षात खासा कमरेपर्यंत दांड्यावर! सूर्य क्षणभर थबकला. जंजिऱ्याच्या तटावरील गिधाडे उठली.

येणेप्रमाणे फाल्गुनी पौर्णिमेस दांडा फत्ते जाहला, बोंबिलांचा अंमल उठला, कावळे अनाथ जाहले, आणि राजश्री गुणाजीरावांची कीर्ती अलिबागेपासोन श्रीवर्धनापर्यंत...

इतके बंधाऱ्यावर मोठ्याने वाचोन दाखविले, लोक मान डोलवू लागले, तोच पाठीमागे पाटी उतरविल्याचा आवाज जाहला. मातुश्री मनुबाई श्रीवर्धनाहून परतल्या होत्या.

"ओ कंडक्टर! खोटं किती बोलाल? तो दांडा आता माज्या छातीला लागतो! तुम्ही न्हाय चढलं, वाळू चढली! कुत्र्यांचं तोंड पोचाया लागलं म्हून मी बोंबील हलवलं. आन् पाय काय आपोआप वर ऱ्हातात? खाली सोडायला जागाच न्हवती!"

बंधारा हसोन लोळू लागला. निकेतराव मोबाईलात तोंड घालोन बसले.

मनुबाईंनी पाटीतून काठी काढोन आमच्या मांडीवर ठेविली.

"फावडं घरी हाय. वाळू उकरा आन् मंग चढा. न्हायतर उठा, बांबूवर कावळं बसलं बगा."