अज्ञान विहिरीचं पालकत्व

वकील मंडळी निकाल वाचत नाहीत, हेडनोट वाचतात. हेडनोट म्हणजे निकालाच्या माथ्यावर प्रकाशकाने छापलेला चार ओळींचा सारांश. खालची चाळीस पानं न्यायाधीशांनी स्वतःच्या समाधानासाठी लिहिलेली असतात, असा आमच्या वकीलखोलीचा पक्का समज आहे. त्यामुळे ‘न्यायमंथन’ प्रकाशनाने १९७१ साली मुंबईत यांत्रिक मेंदू भाड्याने घेतला आणि त्याला नुसत्या हेडनोटाच खाऊ घातल्या, तेव्हा कोणालाही वावगं वाटलं नाही. आपण पोस्टाने प्रश्न पाठवायचा. मेंदू भोकं पाडलेली कार्डं चाळून कायदा छापून द्यायचा.

पुढच्या साली पावसाने दडी मारली. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात विधवा बायडाबाईचा दावा उभा राहिला. सामाईक विहिरीवरची तिची पाण्याची पाळी दीर रंभाजीने बंद केली होती आणि तिची लिंबाची बाग सुकत चालली होती. तिचे वकील राधाकृष्णपंत आधुनिक विचारांचे. त्यांनी पुस्तकांना हात न लावता मेंदूलाच विचारलं.

उत्तर आलं: ‘सामाईक विहीर ही कायद्याने अज्ञान, म्हणजे वयात न आलेली व्यक्ती आहे. तिचा कारभार पालकाने पाहावा. तिच्या मालमत्तेला कोर्टाच्या परवानगीवाचून कोणी हात लावू नये.’

देवळातल्या मूर्तीला कायदा कायमची अज्ञान समजतो. ते मूर्तीचं कार्ड विहिरीच्या कार्डाला चिकटलं होतं. यंत्राला ते कळलं नाही, हे समजण्यासारखं आहे. पंतांनी मात्र ते उत्तर खणखणीत आवाजात कोर्टात वाचून दाखवलं.

“मूळ निकाल आणलाय?” न्यायाधीशांनी विचारलं.

“साहेब, यंत्राने दिलाय.”

“मग प्रश्नच मिटला.”

रंभाजीचे वकील रंगनाथराव हरकत घेतील असं वाटलं होतं. पण तेही ‘न्यायमंथन’चे वर्गणीदार. त्यांनी विहिरीच्या अज्ञानपणास पूर्ण मान्यता दिली आणि उभ्या उभ्या रंभाजीला पालक नेमण्याचा अर्ज टाकला. विहीर सध्या त्याच्याच ताब्यात असल्याने तिला त्याचा लळा असणार, हे कोर्टाला पटलं.

बायडाबाई पिंजऱ्यात उभी होती. ती म्हणाली, “साहेब, हिर अज्ञान कशी? माझ्या सासऱ्यानं खांदली. मी लगीन करून आले तवा हुतीच की. माझी पाळी तेवढी द्या, झाडं मरत्यात.”

“बाई, पाणी ही अज्ञानाची मालमत्ता आहे. ती तुम्हाला कशी वाटता येईल?”

“मंग रंभाजी भावजी कसं काय घेत्यात?”

“पालकाच्या निर्वाहापुरतं घेतात. कायद्यात तशी सोय आहे.”

“आन् ही वयात कवा येनार?”

हा मुद्दा कोर्टाला बिनतोड वाटला. तारीख पडली, प्रश्न मुंबईला गेला. मेंदूने कळवलं, ‘कधीही नाही.’ दावा फेटाळला गेला.

पंतांनी जिल्हा कोर्टात अपील केलं. दरम्यान खालचा निकाल ‘न्यायमंथन’मध्ये छापून येऊन त्याचं कार्ड मेंदूच्या पोटात गेलं होतं. त्यामुळे अपिलात आधार विचारताच मेंदूने हाच निकाल पुढे केला. अपील खर्चासह फेटाळलं गेलं. पंतांचं नाव दोनदा छापून आलं, म्हणून वकीलखोलीत पेढे वाटले गेले. बायडाबाईची बाग जळाली. ती आता दुष्काळी कामावर खडी फोडते. पेढा खाताना मला तिचं फार वाईट वाटलं.

आपल्यालाही वाटलंच असेल. पण कायदा आहे, आपण काय करणार? नगरजवळ सावेडीत माझ्या प्लॉटवर शेजाऱ्याशी सामाईक विहीर आहे. मी लगेच तिच्या पालकत्वाचा अर्ज केला, तो मंजूर झाला. तुमच्या शेजाऱ्यानेही एव्हाना केला असेल. उद्या सकाळी विहिरीत बादली सोडण्याआधी त्याची परवानगी घ्या.