फाटकापाशी उभी गाडी

"या वर्षी दलदलीच्या फाटकापाशी माझ्याआधी कुणी पोचलं, तर नावाचा डेल्मर नाही!"

शुक्रवारी दुपारी डेल्मर टॉर्गेर्सननं स्वयंपाकघरात उभं राहून ही गर्जना केली, तेव्हा त्याची बायको आर्लिस ॲपल पायसाठी सफरचंदं चिरत होती. तिनं मान वरसुद्धा केली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली की नवऱ्याची गर्जना आणि फ्रिजची घरघर बाईला सारखीच ऐकू येते.

दुसऱ्या दिवशी हरणाच्या शिकारीचा मोसम उघडणार होता. आमच्या उत्तर विस्कॉन्सिनात त्या शनिवारी लग्नं ठरवत नाहीत, आणि मरायचंच असेल तर माणसं सोमवारपर्यंत दम धरतात! रान काउंटीचं, म्हणजे सगळ्यांचं. कुंपण नाही, राखणदार नाही. तरी भांडणं होत नाहीत, कारण एक साधी रीत आहे. रानात शिरणाऱ्या वाटेच्या फाटकापाशी गाडी उभी दिसली, की आत कुणीतरी आहे असं समजायचं आणि गपगुमान पुढल्या फाटकाकडे जायचं. ही रीत कुठेही लिहिलेली नाही. लिहिली असती तर वकिलांनी एव्हाना तिला चार पळवाटा काढल्या असत्या.

दलदलीचं फाटक म्हणजे सगळ्यांचा जीव की प्राण. तिथून आत सपाट वाट जाते आणि हरणं त्याच वाटेवरून ये-जा करतात. गेली दोन वर्षं डेल्मर तिथे पोचायचा आणि आधीच कुणाची तरी गाडी उभी असायची. म्हणून यंदा त्यानं डोकं चालवलं. आर्लिसचा भाऊ रॉली नॉर्थ डकोटात तेलविहिरींवर कामाला गेलेला. त्याची जुनी हिरवी पिकअप डेल्मरच्या शेडमध्ये धूळ खात पडली होती.

"रॉलीची गाडी आजच फाटकापाशी उभी करून ठेवतो," डेल्मर म्हणाला. "तू मला परत घेऊन ये. रात्री ऊबदार गादीत झोपायचं, सकाळी माझ्या गाडीनं आरामात जायचं. जागा राखलेली!"

"गाडीत माणूस नसेल तर ती गाडी नव्हे," आर्लिस म्हणाली. "ते बुजगावणं."

"बुजगावणंच तर हवंय!"

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगाच नाही. ढकलत, खोकवत, शिव्या घालत डेल्मरनं ती गाडी फाटकापाशी नेली आणि विजयी मुद्रेनं आर्लिसच्या गाडीत येऊन बसला. रात्री बर्फ पडला. डेल्मर गादीत आणखीच खूश झाला. ताज्या बर्फावर हरणाचे माग कसे स्पष्ट दिसतात!

पहाटे आर्लिस वृद्धाश्रमातल्या ड्यूटीवर निघाली. तिनं त्याला हलवलं. "अरे ऊठ! मोसम उघडला."

"पाच मिनिटं," डेल्मर म्हणाला. जागा राखलेल्या माणसाला कसली घाई?

तो उठला तेव्हा खिडकीत लख्ख ऊन होतं. कॉफीचा पहिला घोट घेतो न घेतो, तोच दार धाडकन उघडून जीनेट आत आली. चौकातल्या बारची ही मालकीण. काउंटीतली कुठलीही बातमी आधी तिच्याकडे येते आणि मग देवाकडे जाते.

"डेल्मर, बूट घाल! दलदलीत माणूस हरवलाय!"

"अरे देवा! कोण?"

"फाटकापाशी गाडी उभी आहे. टपावर रात्रीचा बर्फ तसाच, आणि भोवती पावलाचा एक ठसा नाही. म्हणजे काल बर्फ पडण्याआधी आत गेलेला माणूस अजून बाहेर आलेला नाही! एवढ्या थंडीत, रात्रभर!"

डेल्मरनं कॉफीचा कप खाली ठेवून दिला.

"आणि मन घट्ट कर बरं का," जीनेटनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "गाडी रॉलीची आहे. तुझ्या मेहुण्याची. आम्ही समजत होतो तो डकोटात आहे! शिकारीसाठी गुपचूप आला असणार. फोन लावला, उचलत नाही. आर्लिसचाही लागत नाही."

आता, मंडळी, सांगून टाकायची वेळ हीच होती. 'जीनेट, ती गाडी मी उभी केली.' एवढंच एक वाक्य. डेल्मरनं तोंडसुद्धा उघडलं होतं. पण जीनेट पुढे म्हणाली, "सगळे मचाणांवरून उतरून आलेत, डेल्मर! पहिल्या दिवशी! बंदुका गाड्यांत ठेवल्या आणि रान विंचरायला लागले. शेरीफलाही कळवलंय."

डेल्मरचं तोंड आपोआप मिटलं. गाडीत सांगू, असं त्यानं ठरवलं. गाडीत जीनेट डोळे पुसत होती. मग फाटकापाशी सांगू, असं ठरवलं. फाटकापाशी पोचला तर हीऽऽ गर्दी! शिकाऱ्यांच्या नारिंगी जाकिटांनी रस्ता भरून गेलेला. आणि मधोमध रॉलीची गाडी, डोक्यावर बर्फाची टोपी घालून, कुठे मौतीला आल्यासारखी उभी!

"डेल्मर आला! बिचारा!"

"धीर धर रे. रॉली चिवट आहे."

कुणी त्याच्या हातात गरम सूपचा पेला दिला. कुणी स्वतःचे हातमोजे काढून दिले. जी माणसं एरवी अख्ख्या वर्षात "काय, थंडी आहे" यापलीकडे बोलत नाहीत, ती त्याच्या पाठीवर थोपटत होती. डेल्मरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही जर शिव्या देणारी माणसं असती तर सांगणं किती सोपं गेलं असतं!

सगळे रांग धरून आत शिरले. "रॉऽऽली!" अशा हाका सुरू झाल्या. आता मेहुणाच गप्प राहिला तर कसं दिसेल? म्हणून डेल्मरही ओरडू लागला. आणि चोराच्या मनात चांदणं, तसा तोच सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता. "रॉऽऽली! अरे कुठे आहेस रे!" रॉली त्या वेळी कुठे होता हे त्या रानात एकट्या डेल्मरला ठाऊक होतं.

रांगेत त्याच्या शेजारी ओथमार क्लिंगबाइल चालत होता. ऐंशीच्या घरातला म्हातारा. एका हातात काठी, आणि उजवा पाय लाकडाच्या ओंडक्यासारखा ओढत.

"ओथमारकाका, तुम्ही कशाला आलात? तुमचा गुडघा..."

"मलाच तर दिसली गाडी," ओथमार म्हणाला. "पहाटे मीच आलो ना पहिला. यंदा हीच वाट जमली असती मला. सपाट आहे. बाकी सगळीकडे चढ."

"मग... आत का नाही गेलात?"

ओथमारनं त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्यानं 'कपडे का घातलेत' असं विचारलं होतं. "गाडी होती ना!"

"हो, पण..."

"गाडी होती म्हणून वळलो. वळताना दिव्यांच्या उजेडात बघतो तर बर्फावर पाऊल नाही. मग कसा जाणार? माणूस आत पडलाय आणि मी काय हरीण मारू?" काठी टेकत म्हातारा म्हणाला, "घर विकलं मी, डेल्मर. उद्या दुपारी मुलगी न्यायला येतेय, मिलवॉकीला. म्हटलं, जाण्याआधी एकदा या वाटेवर बसून घ्यावं. बारा वर्षांचा असताना वडिलांबरोबर पहिल्यांदा इथेच बसलो होतो."

'सांग,' डेल्मर स्वतःला म्हणाला. 'सांग, गाढवा!' आणि नेमका तेव्हाच, वाट वळते तिथे, एवढ्या कोलाहलातून हरणाचा एक नर बाहेर आला. काय त्याची शिंगं! कोट अडकवावेत अशी! तो वाटेच्या मधोमध उभा राहिला आणि दोघांकडे बघत राहिला. त्याला काय भीती? सबंध काउंटीच्या बंदुका गाड्यांत कुलूपबंद!

ओथमारनं हळूच टोपी काढली. "काय देखणा आहे रे," तो कुजबुजला. नर डुलत डुलत झाडीत गेला. म्हाताऱ्यानं टोपी घातली. "जाऊ दे. आधी माणूस. हरणाचं काय, पुढच्या वर्षी..." आणि तिथेच तो थांबला.

मग त्यानं काठीनं दलदलीवरचा बर्फ ठोकून पाहिला आणि म्हणाला, "त्या पलीकडच्या झाडांत कुणी बघितलेलं नाही. जातो मी."

"नको!" डेल्मर किंचाळला. "काका, बर्फ पातळ आहे!"

"म्हणून काय माणूस सोडायचा?" ओथमारनं पाय उचलला.

"अहो, तिथे कुणी नाहीये! कुठेच कुणी नाहीये! रॉली डकोटात आहे! गाडी मी लावली! काल! जागा राखायला! आणि मी घरी झोपलो होतो, काका, गादीत!"

हाका थांबल्या. एकेक नारिंगी जाकीट झाडीतून पुढे आलं आणि डेल्मरभोवती उभं राहिलं.

आमच्या भागात माणसांना राग आला की ती आणखी सौजन्यानं वागतात. हे परगावच्या माणसाला कळत नाही, पण डेल्मरला चांगलंच कळत होतं.

"बरं," कुणीतरी म्हणालं.

"कुणाला लागलं नाही, हे महत्त्वाचं," दुसरा म्हणाला.

"व्यायाम झाला," तिसरा.

जीनेटनं त्याच्या हातातला सूपचा रिकामा पेला काढून घेतला, "शेरीफला कळवते हं मी," म्हणाली आणि गेली. एकानंही आवाज चढवला नाही. डेल्मरला वाटलं, कुणीतरी एक मुस्काटात मारली तर बरं होईल.

"ओथमारकाका," तो गयावया करत म्हणाला, "ही जागा तुमची. अजून दिवस आहे. बंदूक आणतो तुमची, बसा."

"नाही रे. जागा तुझी," ओथमार म्हणाला. "गाडी होती."

"पण ती खोटी होती!"

"होती ना पण? आता मी बसलो तर उद्या जो तो ठरवत बसेल, कुठली गाडी खरी आणि कुठली खोटी."

"मग मी गाडी हलवतो!" डेल्मर धावत फाटकापाशी गेला. किल्ली फिरवली. गाडी एकदा खोकली आणि गप्प झाली. पुन्हा फिरवली. आता खोकलीसुद्धा नाही. शेवटी त्याच माणसांनी, ज्यांची अर्धी सकाळ त्यानं मातीत घातली होती, खांदे लावून ती गाडी रस्त्याच्या फाट्यापर्यंत ढकलत नेली. तोवर ओथमारचा गुडघा नारळाएवढा सुजला होता. एकानं त्याला घरी सोडलं.

"उद्या सकाळ आहे अजून," जाताना तो म्हणाला. "बघू, गुडघा काय म्हणतो."

हे ऐकून डेल्मरनं निश्चय केला. आता ओथमारकाकांना ही जागा मिळालीच पाहिजे! कुणी दुसरा टपकला तर? रविवारी पहाटे आर्लिसनं हाक मारायच्या आत तो उठला, स्वतःच्या गाडीनं फाटकापाशी जाऊन उभा राहिला आणि पुण्य केल्याच्या आनंदात वाट बघत बसला. आता येऊ दे कोण येतो ते! काका आले की बाजूला व्हायचं, टोपी काढायची आणि म्हणायचं, या!

थोड्या वेळानं म्हाताऱ्याच्या गाडीचे दिवे वळणावर दिसले. डेल्मरचं हृदय भरून आलं. दिवे जवळ आले. डेल्मरच्या गाडीच्या पाठीवर पडले. क्षणभर थांबले. मग सौजन्यानं मंद झाले, गाडी मागे वळली आणि निघून गेली.

"अहो!" डेल्मर दार उघडून पळत सुटला. "काका! ओथमारकाका! थांबा!" बर्फावर घसरत, दोन्ही हात हलवत तो मोटारीमागे धावला. दोनदा पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा कुठे म्हाताऱ्यानं आरशात नारिंगी काहीतरी लोळताना पाहिलं आणि काच खाली केली.

"काय रे? कोण हरवलं?"

"कुणी नाही," डेल्मर धापा टाकत म्हणाला. "जागा... तुमच्यासाठी... राखून ठेवली होती!"

"पुन्हा?"

"तुमच्यासाठी हो!"

ओथमार हसला. "जागा राखायची नसते रे, पोरा. मोकळी सोडायची असते."

"आणि दुसरा कुणी आला असता तर?"

"तर त्याला मिळाली असती. आपलंच गाव आहे ना?"

डेल्मरनं गाडी काढली. पुढच्या फाटकापाशी गेला, तिथे एक गाडी. त्याच्या पुढच्या फाटकापाशी दोन. दुसऱ्यासाठी जागा राखत बसल्यामुळे त्याच्या स्वतःच्या वाट्याला सगळ्या काउंटीत वीतभर रान उरलं नव्हतं. उजाडता उजाडता तो घरी परतला. आर्लिसनं ॲपल पायचा मोठा तुकडा कापला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला.

तो दुसरा घास घेत होता तेव्हा दलदलीच्या दिशेनं एकच आवाज आला. ठो! डेल्मर काटा हातात धरून तसाच बसून राहिला. डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं सफरचंदाच्या आंबटपणावर ढकललं.

थोड्या वेळानं फोन वाजला.

"डेल्मर? ओथमार बोलतोय. तोच आहे रे, कालचा! पण मला एकट्याला ओढवत नाही. येतोस का हात द्यायला?"

दुसऱ्याच्या शिकारीपाशी बोलावणं यावं, हा आमच्याकडे केवढा मान! डेल्मरचा एक बूट चढलासुद्धा. "आलोच, काका! हा निघालो! दहा मिनिटांत फाटकापाशी पोचतो बघा!"

"ये, ये," ओथमार म्हणाला. मग त्याचा आवाज अगदी मऊ झाला, आमच्याकडे महत्त्वाचं सांगताना होतो तसा. "पण एवढं ऐक हं माझं. गाडी फाट्यावरच ठेव आणि चालत ये. उगाच गाव पुन्हा शोधायला निघेल."