बडनेऱ्याच्या संत्रारसाची मोहीम

शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, माघ मासी, मौजे बडनेरे, नवी वस्ती येथे राजश्री खुशालराव, रेल्वेचे निवृत्त गेटमन, यांचे घरी जे वर्तमान घडले ते कमीजास्त न करिता लिहिले आहे. वाचणारांनी चित्त द्यावे.

खुशालरावांस ताप आला तो नऊ दिवस ठाण मांडून राहिला आणि दहावे दिवशी उतरला, परंतु जाता जाता तोंडाची चव लुटून घेऊन गेला. मग भात परतला, वरण परतले, भाकरी तर उंबरठ्यावरूनच माघारी फिरली. अकरावे दिवशी डॉक्टरसाहेबांनी फर्माविले की, उद्या संध्याकाळपावेतो पोटात काही पातळ न गेल्यास अमरावतीस दवाखान्यात दाखल करून सलाईन लावावे. हे ऐकोन कुटुंब जमुनाबाईसाहेब यांस मोठी चिंता पडली. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हा पुरुष जेवणास नाही म्हणाला, ऐसे एकवारही घडले नव्हते.

अकोल्याहून चिरंजीव गजेंद्रराव तातडीने दाखल जाहले आणि संगे दुकानातील संत्रारसाचे चार डबे, चकचकीत चिलखताचे, आणिले. जमुनाबाईंच्या मनास ते रुचले नाही. संत्र्याच्या मुलुखात संत्रे डब्यातून यावे, हे त्यांस अपमानाचे वाटले. परंतु लेक दुरून आला, सबब आपणच डबा फोडून पेला भरिला. खुशालरावांनी एक घोट घेतला, तोंडात फिरविला आणि पेला खाली ठेविला.

"औषधावानी लागते," इतुकेच बोलिले.

मग जमुनाबाईंस स्फुरण चढले आणि त्यांनी घरची सहा संत्री मिक्सरच्या स्वाधीन केली. यंत्राने मोठा गदारोळ केला, रस केशरी उतरला, फेस दाटला, आणि बाईंनी विजयी मुद्रेने पेला पुढे केला. खुशालरावांनी ओठ लाविले आणि तोंड भिंतीकडे फिरविले. बाईंनी चाखून पाहिला, तो कडूजहर. डबा हरला तो हरला, घरचे संत्रेही हरले. मग बाई स्वयंपाकघरात पाटावर बैसोन राहिल्या आणि दवाखान्याच्या पिशवीत काय काय भरावे, याचा हिशेब मनाशी करू लागल्या.

दुसरे दिवशी सकाळी बाई जातीने ऑटोवर स्वार होऊन बाजारात गेल्या. तेथे आशाबाई फळवाली, हातगाडीची धनीण, हिजपाशी पराभवाची हकीकत निवेदन केली.

"मिक्सरात बी वाटल्या गेली असन, म्हून कडू झालं," आशाबाईने मसलत दिली. "साल, दोरे, बी समदं काढा. हातानंच पिळा, अन् पिळल्याबरोबर द्या."

बाई संत्री घेऊन घरी परतल्या, परंतु बोटांस संधिवाताचा जुना उपद्रव. दोन संत्री पिळता मूठ वळेना, तरी त्या हटेनात. हे गजेंद्ररावांनी पाहिले आणि डब्यांचा पक्ष सोडोन, बाह्या सारोन, मातुःश्रींच्या गोटात दाखल जाहले.

"मा, तू साल काढ. मी पिळतो."

मग माय सोली, दोरे काढी, बी वेची, आणि लेक फडक्यात धरोन पिळी.

खुशालरावांस उशीस टेकवून बैसविले आणि पेला दिधला. एक घोट गेला, आणि ते थांबले, तो दोघांचेही श्वास थांबले. मग दुसरा गेला, मग तिसरा, आणि पेला रिता जाहला.

"अजून हाय का?" त्यांनी पुशिले.

बारा दिवसांत त्यांनी आपण होऊन मागितलेली ही पहिलीच वस्तू. जमुनाबाई रिता पेला घेऊन आत गेल्या आणि पदर डोळ्यांस लाविला. सालीचा फवारा डोळ्यात उडाला, ऐसे त्यांनी लेकास सांगितले. लेकाने ते खरे मानिले, कारण त्याच्याही डोळ्यात उडाला होता.

येणेप्रमाणे माघ शुद्ध सप्तमीस, दुपारी चार वाजता, दुसरा पेलाही सर जाहला आणि अमरावतीची स्वारी रहित करण्यात आली. सायंकाळी खुशालरावांनी कढीत मीठ कमी असल्याची तक्रार मोठ्या आवाजात गुदरली. जमुनाबाईंनी ती दोन वेळा ऐकोन घेतली. फत्ते जाहली.