उजवीकडे राहिलेल्या सूचना

गावाहून आलेल्या सासूबाईंना सूचना अगदी थोडक्यात द्यायच्या, असं तिने ठरवलं. सहा महिन्यांच्या बाळाला घरी ठेवून ती आज पहिल्यांदाच ऑफिसात जाणार होती. दिवस धड गेला तर नोकरी, नाहीतर उद्या राजीनामा. (तो तिने लिहूनही ठेवला होता. थोडक्यातच, तीन पानी.)

सूचना सातच होत्या. एका सूचनेची एक ओळ, मध्ये कुठेही एन्टर नाही. तिच्या लॅपटॉपवर ओळ कडेला पोचली की आपोआप खाली वळायची, आणि सातवी संपेपर्यंत स्क्रीन चारदा सरकवावी लागायची. पण ओळी सातच! सासूबाईंना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून नवऱ्याने कामावर जाण्यापूर्वी ती फाइल घरच्या कॉम्प्युटरवर टाकली आणि अक्षर चांगलं बोटभर करून उघडून ठेवली.

ऑफिसात पहिला अर्धा तास गेला. फोन नाही. तास गेला. सातव्या सूचनेत तर स्पष्ट लिहिलं होतं : काही वाटलं तर मला फोन करा, पण काही वाटलं नाही तरी दर अर्ध्या तासाने करा. तिने स्वतः तीनदा लावून पाहिला. कोणी उचलेना. भर मीटिंगमध्ये ती उभी राहिली.

"साहेब, मला जायला हवं. घरून फोन आला नाही."

साहेब म्हणाले, "आमच्याही घरून आलेला नाही."

धापा टाकत तिने दार उघडलं. बाळ गाढ झोपलेलं. सासूबाई शब्दकोडं सोडवत बसलेल्या.

"आई, फोन का नाही केलात?"

"काही वाटलंच नाही."

"आणि मी केला तो?"

"आवाज बंद केलाय. दीड तास झोपलंय, उगाच उठायचं."

(तिच्या हाताखाली बाळाचा विक्रम चाळीस मिनिटांचा होता.)

"पण माझ्या सूचना?"

"सगळ्या पाळल्या. किती नेमकं लिहितेस गं तू!"

तिने स्क्रीन पाहिली. बाळ रडलं की उचलून घ्या. भूक लागली की दूध द्या. झोप आली की झोपवा. एकाखाली एक, सुटसुटीत सात ओळी. प्रत्येकीतला 'पण' आणि त्यापुढचा सगळा संसार गायब!

तिने नवऱ्याला फोन लावला. "माझ्या सूचना कोणी कापल्या?"

"कापल्या नाहीत. मी रॅप, म्हणजे ओळ आपोआप खाली वळणं, बंद ठेवतो. माझ्या कामात एक ओळ एकच दिसावी लागते."

"मग बाकीचं कुठंय?"

"उजवीकडे. स्क्रीनच्या बाहेर."

"किती बाहेर?"

"तुझ्या बाबतीत, बरंच."

त्याने सांगितलं तिथे तिने टिचकी मारली. ओळी दुमडून धडाधड खाली कोसळल्या. स्क्रीन गच्च भरली तरी पहिलीच सूचना संपेना. सासूबाईंनी चष्मा सारखा केला आणि वाचू लागल्या. "...कपड्याचं लेबल टोचतंय का पाहा, आधी बाळाचं, मग स्वतःचं..."

त्यांनी चष्मा काढला.

"बरं झालं, हे सकाळी दिसलं नाही."

"का हो आई?"

"दहाच्या गाडीने परत गेले असते."

राजीनाम्याची तीन पानं डोळ्यांसमोर आली. "रॅप बंद करू का परत?"

"कर. आणि ऑफिसला जाताना दार हळू लाव."

तिने दार इतकं हळू लावलं की कडीसुद्धा वाजली नाही. मग कान लावून पाच मिनिटं जिन्यात उभी राहिली. आतून रडण्याचा आवाज आला नाही. तिला जरा वाईटच वाटलं.